तंबूतले दिवस
(उत्सवातील भाषणाचा सारांश)



भाद्रपदात गंगेला पूर आला की आपल्या घाटावरच्या नावा बांधून ठेवतात. नावाडी वरच्या पायरीवर पत्ते खेळतात, पण नजर पाण्यावर असते. वादळात अडकलेल्या गिर्यारोहकांचेही तसेच.

रेल्वेत लागण्यापूर्वी, डिप्लोमा करत असताना, मी हिमालयात ट्रेकला गेलो होतो. दोन दिवस बर्फ पडत होते. एका तंबूत आम्ही चौघे. मेंढीकोट झाले, गाण्यांच्या भेंड्या झाल्या, कोणाच्या आईची पुरणपोळी चांगली यावर भांडणही झाले. मधूनमधून बाहेर जाऊन तंबूवरचे बर्फ झाडावे लागे, नाहीतर तंबूच बसायचा. प्यायला पाणीसुद्धा बर्फ वितळवूनच. दुसऱ्या दिवशी एकाने ‘आता निघूच’ असा हट्ट धरला. तो मीच! म्होरक्याने वाद न घालता माझ्या हातात फावडे दिले.

हे झाले खालचे. फार उंचावर नुसते पडून राहिले तरी शरीर झिजते. 1953 साली के-टू शिखरावर अमेरिकन मोहिमेतले आठ गिर्यारोहक सुमारे 7,700 मीटरवर वादळात अडकले. एक जण मोठ्याने पुस्तक वाचून दाखवी, मोलेनार नावाचा गडी चित्र रंगवी. शिखरावर आधी कोणी जायचे यासाठी त्यांनी गुप्त मतदानही घेतले. पण वाऱ्यात स्टोव्ह पेटेना, म्हणजे पाणी नाही. एक तंबू फाटला. पुढे गिल्की आजारी पडला. त्याला खाली आणताना तो गेला. (आम्हीही ब्लॉक मिळेपर्यंत रुळाशेजारी ताटकळतो, पण चहा तरी मिळतो.)

म्हणून वाट कुठे बघायची, हा मोठा प्रश्न. नौदलातले मोहनसिंग कोहली 1962 मध्ये एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर साथीदारांसह तीन रात्री अडकले होते आणि शिखर जेमतेम 400 फूट राहिले असताना तुकडीला परतावे लागले. 1965 च्या भारतीय मोहिमेचे ते नेते झाले. एप्रिलअखेर माणसे साउथ कोलपर्यंत पोचली, हवा बिघडली. कोहलींनी सर्वांना थेट बेस कॅम्पला उतरवले. कमावलेली उंची सोडून खाली येणे कोणाला आवडेल? पण खाली गरम जेवण होते, झोप होती, रेडिओवर हवामानाचा अंदाज होता. दोन-अडीच आठवडे गेले. 20 मे रोजी चीमा आणि नवांग गोम्बू वर पोचले. 29 मेपर्यंत शिखरावर नऊ जण जाऊन आले होते.