पाटसला न आलेली पालखी

ज्येष्ठ सरता सरता दौंड तालुक्यातल्या पाटसला पुणे–सोलापूर महामार्गावरची वाहनं थांबतात. एरवी कुणाची वाट न पाहणारे ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरतात, कारण तुकोबांची पालखी येत असते. यवतच्या पिठलं-भाकरीचा पाहुणचार मागे टाकून, वरवंडचा मुक्काम हलवून ती पाटसला विसावते, मग हमरस्ता सोडून बारामतीच्या अंगाला वळते. पुढे रोटी घाट. चढ असा की रथाच्या नेहमीच्या बैलांचं ते काम नाही. जादा जोड्या जुंपाव्या लागतात. बैलांच्या तोंडाला फेस येतो, गाडीवानाचा आवाज बसतो आणि टाळकरी काही थांबत नाहीत.

जून २०२० मध्ये घाट रिकामा होता.

महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. चारच दिवसांत, १३ मार्चला, राज्य सरकारनं साथरोग कायदा लागू केला. कायदा १८९७ चा. पुण्याला त्याची ओळख नव्यानं करून द्यायला नको. त्याच वर्षी प्लेगच्या तपासणीसाठी गोरे शिपाई घराघरांत घुसले होते आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली होती. एवढ्या दाट वस्तीच्या देशात साथ आवरायची तर सरकारला लोकांच्या उंबऱ्यापर्यंत जावंच लागतं. प्रश्न असतो तो उंबरा कसा ओलांडायचा याचा.

मार्चच्या अखेरीस टाळेबंदीत देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर टोलवसुलीही थांबली. गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. दौंड-शिरूर हा उसाचा पट्टा, आणि राज्यातल्या अशा पट्ट्यांत बीड-नगरकडचे ऊसतोड मजूर कोप्यांत अडकून पडले. टाळेबंदीचा हुकूम रात्रीत निघाला, पण या माणसांची आठवण व्हायला जवळजवळ महिना गेला. १७ एप्रिलला राज्यातल्या ३८ कारखान्यांवरच्या सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना, तपासणी करून, गावी जायची परवानगी मिळाली. एप्रिल सरताना मुंबईचा बंदोबस्त करून दौंडला परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांनाच लागण झाल्याचं निघालं. साथ आता गणवेशातूनच तालुक्यात आली होती.

आणि वारी? लाखो माणसं, अठरा-वीस दिवसांची वाटचाल, एका राहुटीत दाटीवाटीनं झोपणं. ती थांबवण्यासाठी पोलिसी हुकूम पुरला असता, पण सरकारनं तसं केलं नाही. २९ मे रोजी पुण्यात उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या बैठकीत पालखी संस्थानांच्या प्रतिनिधींना बोलावून तोडगा काढला: पायी सोहळा नाही, पादुका मात्र पंढरपूरला जातील. हेलिकॉप्टरचीही चर्चा झाली. शेवटी ३० जूनला एसटी निघाली. लाल डब्याला फुलांच्या माळा, आत मोजके वारकरी आणि मांडीवर पादुका! याच जूनमध्ये पुरीच्या रथयात्रेला सर्वोच्च न्यायालयानं आधी मनाई केली आणि चारच दिवसांनी अटी घालून परवानगी दिली. महाराष्ट्रात तोडगा बैठकीतच निघाला, हे श्रेय सरकारइतकंच फडकऱ्यांचं आणि संस्थानांचं.

दुसऱ्या वर्षी मात्र हा समजूतदारपणा ताणला गेला. जुलै २०२१ मध्ये पायी वारीचा आग्रह धरणारे कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. ताण वारकऱ्यांपुरताच नव्हता: त्याआधी १५ जूनपासून राज्यातल्या आशा सेविका संपावर गेल्या होत्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालणाऱ्या याच बाया. उंबरा ओलांडायचं अवघड काम त्यांनी केलं, तेही तुटपुंज्या मानधनावर. वाढ मिळायला त्यांना आठवडाभर काम बंद ठेवावं लागलं.

२०२२ च्या जूनमध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. पाटसला ट्रक थांबले, आणि रोटी घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैल जोडले गेले.