तापते हवामान आणि सातपुड्याचे रान



खानदेशाला ऊन नवे नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो. नवे आहे ते पावसाचे बेभरवशीपण. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि पावसातील खंडही वाढले, अशी हवामानशास्त्राची नोंद आहे. पिकांच्या हानीची निदान चर्चा होते. रानाच्या हानीची होत नाही.

साग, सालई, अंजन, मोह ही सातपुड्याची झाडे उन्हाळा सोसतात. त्यांची कोवळी रोपे सोसत नाहीत. पावसाळ्यात मुळे खोल गेली नाहीत, तर पुढच्या उन्हात रोप करपते; उरलेले वणवा नेतो. हवेतील कर्बवायू वाढल्याने झाडे जोमाने वाढतील, हा हिशेब जेथे पाणीच अपुरे तेथे लटका ठरतो. जुने वृक्ष उभे दिसतात. त्यांच्या खाली पुढची पिढी नसते. आणि ऐन बहरात मोहावर अवकाळी पाऊस कोसळला, तर आदिवासी घरातली वर्षाची बेगमी जाते.

हा प्रश्न डोंगरापुरता नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूच्या थरांतून मुरणाऱ्या पाण्यावर यावल-रावेरच्या विहिरी आणि केळीच्या बागा जगतात. रान विरळ झाले की पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन तापीला मिळते.

मग रान सांभाळायचे कोणी? १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारी झाले आणि त्यात राहणारा माणूस गुन्हेगार ठरला. वनखात्याची कार्य-आयोजना साधारणतः दहा वर्षांसाठी लिहिली जाते. हवामान मात्र वर्षागणिक रंग बदलते. कोणता झरा आटला, कोणते झाड फुलले नाही, हे रोज रानात जाणाऱ्यालाच प्रथम कळते.

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाड्याने हे दाखवून दिले. गावाने कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, ओढ्यांवर बांध घातले; चारशेहून अधिक हेक्टर रान राखले आणि विहिरींना पाणी आले. या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. परंतु गौरव एका गावाचा होतो. हक्क सर्व गावांना हवा.

तो हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा अधिकार आहे. म्हणून मागणी स्पष्ट असावी: प्रलंबित सामूहिक दावे निकाली काढा, एकाच जातीच्या लागवडीऐवजी मिश्र देशी झाडे लावा, जाळरेषा राखणाऱ्या हातांना मजुरी द्या, भरपाई-वनीकरणाचा पैसा ग्रामसभेच्या संमतीनेच खर्च करा.

केळी-उत्पादक आणि पावरा, भिल्ल, तडवी वननिवासी यांची ही लढाई एकच आहे. ती एकत्र उभी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.