फ्लूची लस : कोणाला, केव्हा आणि काय सांगून?



रिद्धपुरात उभे राहून वादविवादावर बोलायचे, तर 'दृष्टांतपाठा'तला हत्ती आठवल्यावाचून राहत नाही. ज्या आंधळ्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्याला तो सुपासारखा वाटला. सर्वांना सरसकट फ्लूची लस टोचावी की नाही, हा वाद असाच चालला आहे. एक पक्ष म्हणतो, रोग जीवघेणा आहे, सर्वांना टोचा. दुसरा म्हणतो, दोन दिवसांच्या तापासाठी दरवर्षी सुई कशाला? दोघांच्याही हाती काहीतरी खरे लागलेले आहे. आज आपण सबंध हत्तीभोवती एक फेरी मारून पाहू.

प्रथम रोगाविषयी. फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि ज्या प्रांतांवर तिचा घाव सर्वांत खोल बसला, त्यांत आपला मध्यप्रांत-वऱ्हाड होता. त्या वेळी लस नव्हती. रोगाचा विषाणूदेखील कोणाला ठाऊक नव्हता.

आता लसीविषयी. देवीची लस एकदा टोचली की बरीच वर्षे निर्धास्त राहता येत असे. फ्लूचे तसे नाही. हा विषाणू बहुरूप्याप्रमाणे सोंग बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते वाण घालावेत ते सुचवते. अंदाज चांगला जुळला तर रोग होण्याचा धोका साधारणपणे ४० ते ६० टक्के कमी होतो. हुकला तर त्याहून कमी लाभ मिळतो.

विरोधकांचा खरा मुद्दा येथे आहे, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या. निरोगी प्रौढांमध्ये लस न घेतलेल्या हजारांपैकी सुमारे २३ जणांना एका हंगामात फ्लू झाला, तर घेतलेल्यांपैकी ९ जणांना. म्हणजे एकाचा फ्लू टळावा यासाठी ७१ जणांना टोचावे लागते. परंतु हाच हिशेब म्हाताऱ्या माणसांचा मांडला तर ७१ च्या जागी ३० हा आकडा येतो. बांगलादेशातील एका चाचणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला : गरोदरपणी लस घेतलेल्या मातांच्या तान्ह्या मुलांत, पहिल्या सहा महिन्यांत फ्लूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी घटले. सहा महिन्यांच्या आतील मुलाला ही लस देताच येत नाही. त्याला कवच मिळते ते आईकडूनच. तेव्हा लस तीच, पण तिचे मोल माणसागणिक बदलते. 'सर्वांना की कोणालाच नाही' हा प्रश्नच मुळी चुकीचा मांडलेला आहे.

घाईने आणि अवाच्या सवा आश्वासने दिल्याने काय होते, त्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. १९७६ साली एका लष्करी छावणीत डुकरांच्या फ्लूने एक सैनिक दगावला. अध्यक्ष फोर्ड यांनी साऱ्या राष्ट्राला लस टोचण्याचे ठरवले. चार कोटींहून अधिक लोकांना टोचून झाली, साथ मात्र आलीच नाही. लस घेतलेल्यांत दर लाखामागे सुमारे एकाला हातपाय लुळे पाडणारा विकार जडल्याचे दिसले आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली.

आपल्याकडे उलटे घडले. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला; देशी लसी बाजारात आल्या त्या २०१० च्या जून-जुलैत; आणि १० ऑगस्टला जागतिक साथ सरल्याचे जाहीर झाले. वरात निघून गेल्यावर वाजंत्री आली!

यातून महाराष्ट्राने एक शहाणपणाचे पाऊल उचलले. २०१५ साली शासनाने गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या लोकांना ही लस मोफत आणि ऐच्छिक देण्यास आरंभ केला. 'ऐच्छिक' या शब्दाला आम्ही फार मोल देतो. १८९७ च्या प्लेगात हाफकिन यांनी मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी पुण्यात सोजिरांनी घरे झडतीस घेतली. विश्वास कोणत्या मार्गाने जोडला जातो आणि कोणत्या मार्गाने तुटतो, हे सांगायला नको. २०२१ साली आपल्याच जिल्ह्यातील मेळघाटात कोविडच्या लसीबद्दल अफवा उठल्या, तेव्हा हुकमाने काम भागले नाही. कोरकू भाषेत लोकांना समजावून सांगावे लागले.

आमचे मत असे : सरसकट सर्वांना टोचण्याचा आग्रह नको, पण ज्यांना धोका अधिक त्यांना ती हमखास मिळावी. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खाजगी दवाखान्यात पदरचे पैसे मोजावे लागतात. म्हणजे शहरातला धडधाकट व्यापारी ती घेतो, आणि सातवा महिना लागलेली, तुरीच्या शेतात राबणारी बाई तिच्यावाचून राहते. या वादातला खरा अन्याय हा आहे. तो मिटवायचा, तर सरकारने ज्यांना धोका अधिक त्यांच्यासाठी आधी पैसा काढावा, आणि लसीने रोग हटकून टळतो असे न सांगता, किती टळतो ते सरळ सांगावे.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लस लागू पडायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून विचार करण्याची वेळ हीच, उन्हाळ्याची. पुढच्या ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राला तीन प्रश्न विचारा : गावात गरोदर बाया, दमेकरी, मधुमेही आणि साठीपुढची माणसे किती? त्यांच्यासाठी लस आहे का? नसेल, तर कोणाकडे आणि कधी मागणी केली? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आली, तर आजचे आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.