स्क्रीन टिपायची सोय संगणकातच आहे

 

आजचा विषय संगणकाचा आहे. "आम्हाला काय करायचंय त्याचं" म्हणून कुणी रेडिओ बंद करू नका, कारण विषय तुमच्याच गटाचा आहे. आठवून बघा, तुमच्या गटात संगणकाला हात लावणारी कितीजणी? बहुतेक ठिकाणी एकच असते. कुणाची तरी कॉलेजला जाणारी मुलगी, नाहीतर एमएस-सीआयटी केलेली नवी सून. गटाचा हिशेब ती टाकते, बँकेचा कागद ती काढते, सातबारा ती बघून देते. मग एक दिवस तिचं लग्न ठरतं, नाहीतर अंबरनाथच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीची नोकरी लागते. ती गेली की गटातल्या बाकीच्या बायका परत सेवा केंद्राच्या रांगेत, हातात कागदांची पिशवी घेऊन.

तिला जे येत होतं ते तिच्या बोटांत होतं. वहीत लिहून घ्यायचा प्रयत्न काहीजणी करतात. "डावीकडे जिल्हा, मग खाली तालुका, मग शोधा." पण वहीवरून काम करताना कुठलं डावीकडे, कुठलं खाली, हे कळत नाही आणि तिसऱ्या ओळीला सगळं अडतं. त्यापेक्षा ती काम करत असताना संगणकाच्या स्क्रीनवर जे दिसतं ते जसंच्या तसं टिपून ठेवलं, सोबत तिचा आवाजही घेतला, तर? बाण कुठे गेला, कुठे दाबलं, पुढे काय उघडलं, सगळं व्हिडिओत राहतं. ती सासरी गेली तरी व्हिडिओ गटाकडे राहतो. यालाच स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणतात.

आता पहिली गोष्ट, आणि ही जरा जोरात सांगते. यासाठी बाहेरून काहीही उतरवून घ्यायचं नाही. इंटरनेटवर "फुकट स्क्रीन रेकॉर्डर" असं शोधलंत की हिरवी-निळी 'डाउनलोड'ची बटणं ढिगानं समोर येतात. त्यातली निम्मी जाहिरातीची असतात. एखादं घेतलं तर ते व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारतं, एखादं काही मिनिटांनी पैसे मागतं आणि एखादं तर संगणकात नको ते घुसवतं. ज्या संगणकावर गटाचं बँकेचं काम चालतं त्याच संगणकावर अशी अनोळखी वस्तू कशाला आणायची? शिवाय आपल्यापैकी कितीजणींकडे स्वतःचा संगणक आहे? ग्रामपंचायतीचा असतो, शाळेचा असतो, कुणाच्या तरी मुलाचा असतो. दुसऱ्याच्या यंत्रात विचारल्याशिवाय काही घालणं बरं नाही, आणि ऑफिसच्या संगणकावर तशी परवानगीही बहुधा नसते. सुदैवानं गरजही नाही. ही सोय आधीपासून आत बसवलेली असते, फक्त ती कुठे आहे ते कुणी दाखवलेलं नसतं.

पद्धत सांगायच्या आधी थोडं पवईबद्दल बोलते. पवई म्हणजे आपल्याच मध्य रेल्वेवर कांजूरमार्गला उतरून जायचं ठिकाण. तिथल्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकारानं 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा राहिला, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर. संगणकावर एखादं काम करायचं, स्क्रीन टिपायची आणि त्यावर सावकाश बोलून समजावायचं, एवढीच त्यांची रीत. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. हे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून ठेवलेत आणि ते फुकट बघता येतात. लिब्रे ऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये हिशेबाचा तक्ता कसा करायचा, तेही त्यात आहे. याच प्रकल्पानं पुढे स्तनपान आणि बाळाच्या आहाराचेही धडे केले. तुमच्यातल्या काही आशाताईंनी ते पाहिले असतील.

त्यांच्या दोन सवयी मला फार आवडतात. एक म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी ते कागदावर दोन रकाने आखतात. एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसणार, दुसऱ्यात तेव्हा काय बोलायचं. आणि दुसरी, तो मजकूर त्या विषयातलं काहीच न येणाऱ्या माणसाकडून करून बघतात. तो अडला तर चूक त्याची नाही, धड्याची. आपल्या गटात तर अशा परीक्षक मावशा भरपूर आहेत!

आता पद्धत. आधी आपला संगणक कुठला ते बघा. खालच्या पट्टीवर चार चौकोनांची खूण असते, त्याला स्टार्ट म्हणतात. ती पट्टीच्या मधोमध असेल तर बहुधा विंडोज ११, डाव्या कोपऱ्यात असेल तर बहुधा विंडोज १०.

विंडोज ११ असेल तर काम सोपं. स्टार्ट दाबून 'स्निपिंग टूल' शोधा. कात्रीचं चित्र असतं. उघडलं की वर एक कॅमेऱ्याची आणि एक व्हिडिओची खूण दिसते. व्हिडिओची निवडा, 'न्यू' दाबा आणि स्क्रीनचा जेवढा भाग टिपायचा तेवढ्यावर माउसनं चौकट ओढा. वर छोटी पट्टी येते, त्यात माईकची खूण असते. तिच्यावरची तिरकी रेघ गेली पाहिजे, नाहीतर तुम्ही दहा मिनिटं बोलाल आणि व्हिडिओ मुका निघेल. 'स्टार्ट' दाबलं की तीन, दोन, एक मोजून रेकॉर्डिंग सुरू. संपल्यावर लाल चौकोन दाबायचा आणि व्हिडिओ नाव देऊन जपून ठेवायचा.

विंडोज १० असेल तर त्यात 'गेम बार' नावाची सोय आहे. मुलांनी खेळताना स्वतःचा खेळ टिपावा म्हणून ती केलेली, पण खेळ नसला तरी चालते. आधी ज्या खिडकीत काम करायचं ती उघडा, समजा इंटरनेटचा ब्राउझर. मग कीबोर्डवर चार चौकोनांची की, ऑल्ट आणि आर, या तिन्ही एकदम दाबा. कोपऱ्यात छोटा डबा येतो आणि वेळ मोजू लागतो. माईक चालू-बंद करायची खूणही त्यातच असते. थांबवायला पुन्हा त्याच तीन की. व्हिडिओ 'व्हिडिओज' या फोल्डरमध्ये 'कॅप्चर्स' नावाच्या फोल्डरात सापडतो. एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. हा बार एका वेळी एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. नुसता डेस्कटॉप किंवा फोल्डरची खिडकी त्यानं टिपली जात नाही. अगदी जुन्या यंत्रावर तो "जमत नाही" असा निरोपही देतो.

मग जुन्या यंत्राचं काय? विंडोज ७ मध्येही एक साधी वस्तू आहे, 'स्टेप्स रेकॉर्डर'. स्टार्टमध्ये इंग्रजीत पी-एस-आर ही तीन अक्षरं टाइप केली की ती येते. ती व्हिडिओ करत नाही. तुम्ही जिथे जिथे दाबाल तिथला एकेक फोटो काढते आणि खाली काय दाबलं ते इंग्रजीत लिहिते. मुळात पंचवीस फोटोंची मर्यादा असते, ती वाढवता येते. आवाज नाही, पण छापून वहीत चिकटवायला ही मला व्हिडिओपेक्षाही बरी वाटते. विंडोज १० मध्येही ती आहे. कंपनीनं ती पुढे बंद करायचं ठरवलंय, तोवर वापरून घ्या. शाळेच्या संगणकात उबुंटू असेल आणि ते २०२२ नंतरचं असेल, तर प्रिंट स्क्रीनची की दाबा, व्हिडिओचा पर्याय तिथेच येतो.

आणि फोन. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० नंतर निघालेल्या बहुतेक फोनांत, वरून खाली दोनदा बोट ओढलं की 'स्क्रीन रेकॉर्ड' असं बटण दिसतं. नसेल तर पेन्सिलची खूण दाबून ते वर आणता येतं. सुरू करताना 'मायक्रोफोन' निवडा आणि 'स्पर्श दाखवा' असा पर्याय असेल तर तो चालू करा. मग बोट जिथे टेकेल तिथे ठिपका उमटतो, बघणारीला कळतं कुठे दाबलं ते.

पहिला धडा कुठला करायचा, असं मला विचाराल तर सातबाऱ्याचा. आपल्या भागात जमिनीचा प्रश्न आता घराघरांत आलाय. बदलापूरच्या बाजूनं डोंगराखाली बोगदा काढून मुंबई-वडोदरा महामार्ग पनवेलकडे जातोय, इमारती तर वांगणीपर्यंत पोचल्या. अशा वेळी उताऱ्यावर कुणाची नावं आहेत, आपलं आहे का, वडिलांच्या मागे बहिणींची लागली का, हे बाईला स्वतःला बघता आलं पाहिजे. कुणी सांगितलं म्हणून नाही. सरकारच्या 'महाभूलेख' या साइटवर जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ, मग आपलं गाव, मग गट नंबर असं निवडत गेलं की उतारा समोर येतो. हा नुसता बघण्यापुरता. कामाला लावायचा तर डिजिटल सहीचा उतारा घ्यावा लागतो, त्याला पंधरा रुपये पडतात.

याचं रेकॉर्डिंग करताना प्रत्येक निवड तोंडानं म्हणा. "आता मी तालुक्यात अंबरनाथ निवडते." ज्यांना वाचायला त्रास होतो त्या मैत्रिणी कानानं पाठोपाठ करतील. एक व्हिडिओ चार-पाच मिनिटांच्या वर नको. साइट मध्येच फिरत राहिली तर कापू नका, तेही राहू द्या. म्हणजे बघणारीला कळेल की थांबावं लागतं, आपलं काही बिघडलेलं नाही.

आता सांभाळायचं काय ते ऐका. स्क्रीनवर जे आलं ते सगळं व्हिडिओत जातं. सातबारा बघताना साइट मोबाईल नंबर मागते. तिथे गटाचा जो नंबर सगळ्यांना माहीतच आहे तो टाका, किंवा नंबर टाकायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवा आणि पुढचा भाग वेगळा करा. आधार क्रमांक, ओटीपी, पासवर्ड, बँकेचं पासबुक यातलं काहीही टिपायचं नाही. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला आधारचा ओटीपी लागतो, म्हणून त्या कामाचं रेकॉर्डिंग करूच नका. ते समोर बसून शिकवायचं काम आहे. बँकेची बरीचशी ॲप तर स्वतःच रेकॉर्डिंग अडवतात, व्हिडिओत नुसता काळा पडदा येतो. तुमचा फोन बिघडला असं समजू नका. फोनवर टिपताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर नणंदेचा मेसेज अख्ख्या गटाला वाचायला मिळेल.

आणखी एक फरक ओळखून ठेवा. रेकॉर्डिंग म्हणजे व्हिडिओ आपल्याच यंत्रात राहतो, पाठवायचा की नाही ते आपण ठरवतो. स्क्रीन शेअर म्हणजे आपली स्क्रीन त्याच क्षणी दुसरा माणूस बघतोय. "मॅडम, बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका आणि स्क्रीन दाखवा" असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा. सायबर फसवणुकीसाठी तो देशभर एकच आहे.

राहिलं व्हिडिओ पाठवायचं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकलात तर तो लहान करून जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. पिनेची खूण दाबून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, अक्षरं जशीच्या तशी राहतात. फाईलला साधं मराठी नाव द्या, 'सातबारा कसा बघायचा', पुढे महिना आणि साल. साइटचं रूप बदलतं, तेव्हा जुना व्हिडिओ कुठला ते नावावरून कळेल. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये घालून गटाच्या पेटीत ठेवा, हिशेबाच्या वहीशेजारी. आणि पहिला व्हिडिओ झाला की आधी तो गटातल्या अशा मावशीला दाखवा जिनं माउस कधी धरलेला नाही. व्हिडिओ एका बाजूला, साइट दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही गप्प बसायचं. ती जिथे थांबेल ती जागा लिहून घ्या आणि तेवढा भाग पुन्हा टिपा.