प्रश्नावली आणि चिनी रुग्ण

समाजाची प्रकृति जाणावयाची तर हजारों लोकांस एकच प्रश्नावली द्यावी, हा मार्ग सोपा दिसतो. परंतु प्रश्नाचे शब्द चुकले तर उत्तरही चुकतें. १९८० सालीं चीनमधील चांगशा येथील वैद्यकीय महाविद्यालयांत अमेरिकन मानसवैद्य आर्थर क्लाइनमन यांनीं मज्जातंतूंच्या दौर्बल्याचे १०० रुग्ण तपासले. डोकें दुखतें, झोंप येत नाहीं, चक्कर येते, अशाच बहुतेकांच्या तक्रारी होत्या. खिन्नतेचा उच्चार क्वचितच. तथापि सखोल विचारपूस होतांच पाश्चात्त्य कसोटीप्रमाणें ८७ जण विषादानें ग्रस्त ठरले. ‘आपण खिन्न आहां काय?’ एवढेंच कागदावर छापलें असतें, तर त्यांतील कित्येक निरोगी गणले गेले असते आणि उपचारांस मुकले असते.

पुढें २००४ ते २००८ या काळांत चीनच्या १० विभागांतील ५ लाखांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. प्रश्नांच्या जोडीला रक्तदाब मोजला गेला, रक्ताचे नमुनेही घेतले गेले. एवढ्या विस्तारांत एका सदोष प्रश्नाची चूक लाखपट होते. रक्तदाब यंत्रास कळतो. मनाची व्यथा मात्र शब्दांवाटेच बाहेर येते. ते शब्द विचारणाऱ्याच्या सोयीचे नव्हेत, तर सोसणाऱ्याच्या तोंडचे असावे लागतात.