तापल्या तबकडीचे वंगण

बैलगाडीच्या आसाला घालावयाचे वंगण एके काळी खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाचे होते. चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, आसाला वंगण लावी आणि पुन्हा वाटेला लागे. वंगण संपते, ते पुन्हा घालावे लागते, हा यंत्रविद्येतील साधा नियम. परंतु एक वंगण असे आहे की, ते कारखान्यात एकदाच लावले जाते आणि यंत्राच्या अखेरपर्यंत पुन्हा लावण्याची सोयच नसते. संगणकातील माहिती साठविणाऱ्या चुंबकीय तबकडीवरील, म्हणजेच हार्ड डिस्कवरील वंगण ते हेच. शेतकऱ्याचा सातबारा, बँकेची खातेवही, रुग्णालयातील नोंदी यांपैकी पुष्कळ गोष्टी आज अशा तबकड्यांवर विसावल्या आहेत. त्यामुळे या वंगणाचे भवितव्य हा केवळ रसायनशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

१९५६ साली आय.बी.एम. कंपनीने तबकड्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. अक्षरे लिहिणारे व वाचणारे शीर्ष, ज्याला हेड म्हणतात, ते दाबलेल्या हवेच्या झोताने तबकडीपासून दूर राखले जाई. पुढे १९७३ साली याच कंपनीने ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखली गेलेली रचना आणली. तीत यंत्र थांबले की हेड तबकडीवरच टेके. तेव्हापासून तबकडीला वंगण अनिवार्य झाले.

आजच्या तबकडीची गती पाहिली म्हणजे या वंगणावरील भार ध्यानात येतो. साडेतीन इंची यंत्रातील तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिच्यावरून हेड अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चुंबकीय थरावर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचे कठीण कार्बनचे कवच असते आणि त्यावर सुमारे एक नॅनोमीटर वंगण. म्हणजे जाडीने एका रेणूचाच थर!

हे वंगण परफ्लुरोपॉलिइथर या जातीचे असते. कार्बन, ऑक्सिजन व फ्लुओरिन यांच्या लांब साखळ्यांचा हा द्रव सहजी पेटत नाही, सहजी उडत नाही आणि बहुतेक रसायनांना दाद देत नाही. साखळीच्या टोकांना हायड्रॉक्सिल गट जोडले म्हणजे ती टोके कार्बनच्या कवचाला धरून राहतात आणि मधला भाग मोकळा राहतो. कित्येक वर्षे ही व्यवस्था उत्तम चालली.

अडचण उभी राहिली ती माहितीची दाटी वाढल्यामुळे. एकेका खुणेसाठी लागणारे चुंबकीय कण फार बारीक केले, तर खोलीतील साधी ऊबही त्यांची दिशा उलटवू शकते. लिहिलेले आपोआप पुसले जाते. म्हणून लोह व प्लॅटिनम यांच्या अतिशय हट्टी मिश्रधातूचे कण वापरावे लागले. ते लिहिलेले विसरत नाहीत. पण थंड असताना नवे लिहूनही घेत नाहीत. यावर उपाय निघाला तो लोहाराच्या भात्याची आठवण करून देणारा. लेसरच्या साहाय्याने काही दशक नॅनोमीटर रुंदीचा ठिपका सुमारे ४०० ते ४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचा, तेवढ्यात खूण उमटवावयाची आणि लगेच तो निवू द्यावयाचा. हा सारा खेळ सेकंदाच्या एक-दोन अब्जांश भागात आटोपतो. जानेवारी २०२४ मध्ये सीगेट कंपनीने या पद्धतीच्या तीस टेराबाइटहून अधिक क्षमतेच्या डिस्क जाहीर केल्या.

आता प्रश्न असा की, धातूला वश करणारी ही उष्णता त्याच्यावरील वंगणाचे काय करते? पहिले म्हणजे लहान रेणू उडून जातात. दुसरे, साखळ्या तुटतात. हेडाच्या घडणीत ॲल्युमिनियम ऑक्साइड असते. ज्या सांध्यात एकाच कार्बन अणूच्या दोन्ही अंगांना ऑक्सिजन असतो, तो सांधा या ऑक्साइडच्या सान्निध्यात विशेष लवकर तुटतो. तिसरे, तापलेल्या जागी द्रवाचा पृष्ठताण कमी होतो आणि वंगण थंड भागाकडे ओढले जाऊन मागे चर पडतो. चौथे, उडालेला अंश हेडावर जाऊन बसतो व तेथे पुट चढते. अशा रीतीने रक्षकच विघ्नकर्ता होतो.

उपाय योजताना रसायनशास्त्रज्ञाची कसोटी लागते. साखळी लांब केली तर ती कमी उडते. पण थर जाड होतो आणि हेड वर उचलावे लागते. पकडीचे गट वाढविले तर रेणू पक्का बसतो. परंतु फारच पक्का बसला तर पडलेला चर भरून काढण्यास तो सरकतच नाही. येथे हरळीचे उदाहरण उपयोगी पडेल. हरळी उंच वाढत नाही. जमिनीसरपट पसरते आणि पेरापेराला मूळ धरते, तरी दोन पेरांमधील कांडी मोकळी असते. नव्या वंगणांची रचना अशीच असते. हायड्रॉक्सिल गट केवळ टोकांना न ठेवता मधेही पेरतात. त्यामुळे लांब रेणूही आडवा पडून थर पातळ ठेवतो. शिवाय दुबळा सांधा टाळून तीन-तीन कार्बन अणूंनंतर ऑक्सिजन येईल अशा साखळ्या निवडतात.

परीक्षाही सोपी नाही. प्रयोगशाळेतील नेहमीच्या तराजूवर वंगण मिनिटाला काही अंश याप्रमाणे सावकाश तापविले जाते. तबकडीवर मात्र तीच उष्णता क्षणार्धाहूनही अल्प काळ येते, पण वर्षानुवर्षे अगणित वेळा येते. एका परीक्षेत उत्तीर्ण झालेला रेणू दुसरीत टिकेलच असे नाही. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. न तुटणारे हे फ्लुओरिनचे बंध वंगणात गुण ठरतात. माती-पाण्यात मात्र याच कुळातील रसायने नष्ट होत नाहीत, म्हणून ती आज चिंतेचा विषय झाली आहेत.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून जतन केले गेले. कापड विरले, तर दुसरे बांधता येई. तबकडीवरील एका रेणूच्या रुमालाला ती सोय नाही. त्याने जागा सोडता कामा नये आणि जागा उघडी पडली तर धावूनही गेले पाहिजे. या दोन परस्परविरोधी कर्तव्यांचा मेळ जो रेणू जितका घालील, तितके त्याखालचे लेख सुरक्षित राहतील. आणि तो कितीही उत्तम असला, तरी महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, हा दफ्तरखान्यातील जुना शिरस्ता मोडण्याचे कारण नाही.