मोटारीची पाटी



वसंतातील व्याख्यानांना वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व विषय शोभतात. त्या मालिकेत मोटारीची नंबर प्लेट हा विषय काहीसा हलका वाटेल. पाटी ती काय, दोन स्क्रू काढले की सुटते आणि दोन स्क्रू लावले की बसते! पण ही हातभर लांबीची पत्र्याची पट्टी ज्या दिवशी हवी असते त्या दिवशी नसली, किंवा असून वाचता आली नाही, तर कोणाकोणाचे काय काय बुडते याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो विचार आज आपण टिटवाळ्यात बसून करावा असे आम्हाला वाटते. नवी गाडी घेतली की ती आधी महागणपतीच्या पायाशी आणावी ही आपल्या पंचक्रोशीची रीत आहे. गाडीला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते, लिंबूमिरची लोंबते. आणि पुष्कळदा ती माळ नेमकी पाटीवरच येऊन विसावते. देवाला गाडी दाखवताना आपण तिचे नाव झाकतो. तिथूनच सुरुवात करू.

पाटी हे गाडीचे नाव आहे. माणसाला तोंड असते, बैलाला खूण असते, घोड्याला रंग असतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हजारो गाड्या मात्र जुळ्या भावंडांसारख्या एकसारख्या. त्यांतली एक दुसरीहून वेगळी कशी ओळखायची, हा प्रश्न मोटार रस्त्यावर आली त्याच काळात उभा राहिला. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला, की प्रत्येक मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली धातूची पट्टी लावावी. इंग्लंडात १९०३ साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून पाटी सक्तीची झाली. आपल्याकडे १९१४ साली मोटार वाहनांचा अखिल भारतीय कायदा आला, १९३९ साली तो नव्याने झाला आणि आज चालतो तो १९८८ चा. कायदे बदलले, पण त्यांतील एक सूत्र कायम राहिले. गाडी खाजगी असेल, पण रस्ता सार्वजनिक आहे. आणि सार्वजनिक जागेत जो यंत्र घेऊन धावतो त्याने तोंड झाकून धावता कामा नये.

आता या नावाची फोड पाहा. आपल्या गाडीवर आरंभी 'एमएच' असते ते महाराष्ट्राचे. पुढचे दोन आकडे नोंदणी कचेरीचे. ठाण्याचे ०४, आपल्या कल्याणचे ०५, नवी मुंबईचे ४३, वसईचे ४८. त्यानंतर मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. ही पद्धत १९८८ च्या कायद्याबरोबर आली. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. जुन्या फियाट गाड्यांवर ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. रंगही बोलतात. पांढऱ्यावर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची, हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. निरक्षर माणसालाही रंगावरून गाडीची जात कळावी अशी ही व्यवस्था आहे.

या साध्या व्यवस्थेची किंमत दोन घटनांवरून कळेल. दोन्ही आपल्या शेजारच्या मुंबईतल्या आहेत.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बाँबस्फोट झाले. २५७ माणसे मेली. शहर हादरलेले, अफवा पसरलेल्या, कोणी केले याचा पत्ता नाही. त्याच दिवशी वरळीला रस्त्यावर सोडून दिलेली एक मारुती व्हॅन पोलिसांना सापडली आणि तिच्यात शस्त्रे निघाली. तिच्यावर पाटी होती, एमएफसी १९७२. पोलिसांनी नोंदणी कचेरीची वही उघडली आणि वहीतला पत्ता त्यांना माहीमच्या एका घरापर्यंत घेऊन गेला. एवढ्या मोठ्या कटाच्या तपासाचा पहिला धागा हा असा हाती लागला. त्या गाडीवरची पाटी खरी होती, आणि खऱ्या पाटीने खरे सांगितले.

दुसरी घटना २५ फेब्रुवारी २०२१ ची. दक्षिण मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ एक स्कॉर्पिओ उभी सापडली. आत जिलेटिनच्या कांड्या होत्या. पण हिच्यावरची पाटी खोटी होती, आणि गाडीत आणखीही पाट्या निघाल्या. ही गाडी ठाण्याच्या एका व्यापाऱ्याच्या ताब्यातली. ती चोरीला गेल्याची तक्रार त्याने आठवडाभर आधीच केली होती. ५ मार्चला त्या व्यापाऱ्याचे प्रेत मुंब्र्याच्या खाडीत सापडले. २८ मार्चला पाणबुड्यांनी मिठी नदीच्या गाळातून ज्या वस्तू वर काढल्या त्यांत गाड्यांच्या पाट्याही होत्या, आणि त्यांतल्या दोन एकाच क्रमांकाच्या होत्या. कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आपले नाही. पण आपल्यापुरता बोध असा, की ज्याला काही लपवायचे असते तो इंजिन बदलत नाही, रंग बदलत नाही. तो आधी पाटी काढतो. कारण गाडीचा सर्वांत सहज सुटणारा भाग तोच आणि सर्वांत जास्त बोलणाराही तोच.

कोणी म्हणेल, या झाल्या मोठ्या गुन्ह्यांच्या गोष्टी. आम्हा साध्या माणसांना त्यांचे काय? तर साध्या माणसाकडेच येऊ. रात्रीची वेळ आहे. शेवटच्या गाडीने उतरलेला माणूस कल्याणच्या रस्त्याने पायी घरी निघाला आहे. मागून मोटार येते, त्याला उडवते आणि निघून जाते. पानाच्या टपरीवरचा पोरगा ते पाहतो. त्या पोराला क्रमांक वाचता आला, तर गाडी सापडते. गाडी सापडली की तिचा विमा सापडतो, कारण दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा प्रत्येक गाडीला कायद्याने सक्तीचा आहे. मग मोटार अपघात न्यायाधिकरण मेलेल्या माणसाचे वय पाहते, मिळकत पाहते, मागे किती तोंडे उरली ते पाहते आणि त्याप्रमाणे भरपाई ठरवते. आणि क्रमांक वाचता आला नाही तर? तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये ठरलेले आहेत. मेलेला पंचवीस वर्षांचा कमावता असो की सत्तरीचा वृद्ध, रक्कम तीच. त्याआधी तर ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. म्हणजे पाटीवर चिखल होता, की झेंडूची माळ होती, की वेलबुट्टीची अक्षरे होती, यावर एका विधवेचे पुढचे आयुष्य ठरते. कायद्याने मागच्या पाटीवर दिवा लावायला सांगितला आहे आणि त्या उजेडात पंधरा मीटरवरून क्रमांक वाचता आला पाहिजे असा नियम केला आहे, तो त्या टपरीवरच्या पोरासाठी. तो दिवा गेला तर आपण म्हणतो, 'बघू पुढच्या महिन्यात.' त्या महिन्याभरात काय घडेल हे आपल्या हाती नसते.

आता नव्या पाटीविषयी. जुन्या पाट्या कोपऱ्यावरचा रंगारी दोन तासांत करून देत असे. कोणताही क्रमांक, कोणालाही, कागद न विचारता. ही सोय चोरालाही होती. म्हणून २००१ साली नियम ५० मध्ये दुरुस्ती झाली आणि उच्च सुरक्षेची पाटी आली. ही पाटी ॲल्युमिनियमची. अक्षरे दाबून उठवलेली. प्रकाश परत फेकणारा पापुद्रा वर चढवलेला. वरच्या डाव्या कोपऱ्यात वीस मिलिमीटरच्या चौकोनात अशोकचक्राची चकाकणारी मुद्रा. आणि खाली लेसरने कोरलेला तिचा स्वतःचा क्रमांक. म्हणजे गाडीला नाव आहेच, पण पाटीलाही नाव आहे, आणि दोन्ही नावांची नोंद एकाच ठिकाणी आहे. समोरच्या काचेवर आतून एक चिकटपट्टी असते. तिच्यावर इंजिन आणि सांगाडा यांचे क्रमांकही असतात. बाहेरची पाटी कोणी बदलली तरी आतली साक्ष वेगळी पडते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती बसवण्याची. निदान मागची पाटी तरी साध्या स्क्रूने बसवायची नसते. तिला एकदाच लागणारे कुलूप असते. खटकन बसले की पुन्हा उघडत नाही; उघडायचे तर मोडावेच लागते. आणि मोडले की ते परत वापरता येत नाही. म्हणून बंपर बदलताना, गाडी रंगवताना कारागिराला आधीच सांगावे, की पाटीला हात लावण्यापूर्वी विचार. मोडलेल्या कुलपाच्या जागी बाजारातला स्क्रू ठोकून गाडी बाहेर आणू नये. पाटी वाकली किंवा फुटली तर ती जमा करून नवी घ्यावी. चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवावी, कारण उद्या ती कोणत्या गाडीवर चढेल हे सांगता येत नाही. जुनी पाटी उतरवल्यावर भंगारवाल्याला अखंड देऊ नये. गाडी मोडीत काढताना तर मुळीच नाही. मेलेल्या गाडीचे जिवंत नाव बाजारात फिरले, तर दंडाची चिठ्ठी आपल्या घरी येते आणि कधी तिच्यामागून पोलीसही येतात.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना ही पाटी कारखान्यातूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्र सरकारने पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची दिली आणि मग ती पुन्हा पुन्हा वाढवली. दुचाकीला साडेचारशे, तीनचाकीला पाचशे, मोटारीला सातशे पंचेचाळीस रुपये आणि वर कर असा दर ठरला. इतर राज्यांपेक्षा हा दर जास्त आहे अशी ओरड झाली. ती ओरड करण्याचा नागरिकांना हक्क आहे, आणि जाब विचारावाच. पण दराचे भांडण सरकारशी आहे. पाटी न लावण्याचे नुकसान मात्र त्या पायी चालणाऱ्या माणसाचे आहे. दोन्ही हिशेब एका वहीत लिहू नयेत.

शेवटी एक नाजूक मुद्दा. आकड्यांतून नावे काढण्याची आपल्याला फार हौस. ४१४१ लिहून 'दादा' वाचायचे, २१४ लिहून 'राम' म्हणायचे. कोणी संपूर्ण पाटीच देवनागरीत लिहून घेतात आणि तो मराठीचा अभिमान समजतात. मराठीवर आमचेही प्रेम आहे. दुकानाची पाटी मराठीत हवी, कचेरीचा कारभार मराठीत हवा, त्यासाठी भांडावेही. पण गाडी टिटवाळ्याहून सुरतेला जाते, हुबळीला जाते, हैदराबादला जाते. तिथल्या शिपायाला, तिथल्या रस्त्यावरच्या माणसाला ती वाचता आली पाहिजे. म्हणून देशभर एकच लिपी आणि एकच अंक नियमाने ठरले. आणि रामाचे नाव घेऊन पळणाऱ्या गाडीचा क्रमांक कोणाला सांगता आला नाही, तर त्यात रामाचाही मान राहत नाही.

पूर्वी गावात अनोळखी माणूस आला की लोक विचारीत, 'कोण गावचे? कोणाचे?' त्यात संशयापेक्षा आपलेपण अधिक असे. ज्याचे नावगाव ठाऊक आहे तो सहसा वाईट वागत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. मोटारीची पाटी म्हणजे त्याच प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाला आपण न विचारता सांगत असतो, की मी अमुक, माझा पत्ता तमुक, माझ्याकडून काही घडले तर मला इथे गाठा. हे सांगायला ज्याला संकोच वाटत नाही त्याने गाडी खुशाल चालवावी. उद्या सकाळी गाडीवर फडके फिरवाल तेव्हा काचेआधी पाटी पुसा, मागचा दिवा लागतो का ते पाहा. आणि देवाची माळ घालाल ती जरा वर बांधा.